सासऱ्यांची क्वार्टर आणि डॉक्टरांचा प्रश्न

*ताई, नमस्कार. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. वाशीच्या बाजारात माथाडीचं काम करून निवृत्त झाले. खालच्या हिरडीला जखम होती, ती भरेना. तुकडा काढून तपासला तर कॅन्सर निघाला. तीन आठवड्यांनी ऑपरेशन आहे. जबड्याचं हाड काढून तिथे पायाचं हाड बसवणार आहेत. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं, ‘तंबाखू?’ बाबा म्हणाले, ‘हो, मळून.’ ‘दारू?’ तर म्हणाले, ‘छे हो, गटारीला वगैरे, कधीतरी.’ मी बाजूलाच उभी होते, गप्प राहिले. खरं म्हणजे रोज संध्याकाळी सातला एक क्वार्टर असते, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून. कुणाला त्रास नाही. पितात, जेवतात, झोपतात. घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, डॉक्टरांना खरं सांगू या. हे म्हणाले, ‘या वयात बाबांची अब्रू काढू नकोस, आणि कळलं तर ऑपरेशनच नाकारतील.’ मग सासूबाईंनी बाटली लपवून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या हातात चहाची बशी खडखड वाजत होती, बनियन घामाने भिजलं होतं. दुपारी सासूबाईंनीच घाबरून बाटली परत काढून दिली. आता शेजारच्या काकूंनी एक पूड आणलीय, भाजीत कालवली की न सांगता सुटते म्हणे. मी काय करू? डॉक्टरांना सांगितलं तर ती चुगली होईल का?*
*— एक सून, कोपरखैरणे*

ताई,

आधी ती पूड. हे वाचून झालं की ती केरात टाका आणि काकूंना म्हणा, मिळाली, आभारी आहे. हार्बर लाइनच्या डब्यांत ‘न सांगता दारू सोडवा’ची चिठोरी मी वर्षानुवर्षं वाचत आलेय. पुडीत नेमकं काय आहे, ते त्यावर कधी लिहिलेलं नसतं. समजा, त्यात डायसल्फिराम निघालं. पोटात गेलेल्या दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. मग त्याचं पुढे साधं आम्ल होतं आणि ते निघून जातं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं, म्हणजे विष अंगातच साठतं. तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली. हे औषध डॉक्टरही देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून, दारू पूर्ण थांबल्यावर. ७१ वर्षांच्या माणसाला ते भाजीतून चोरून गेलं आणि वर सातची क्वार्टर गेली, तर ऑपरेशनची तारीख बघायची वेळच यायची नाही.

आता बशी. तुमच्या पत्रात कॅन्सर आहे, जबड्याचं हाड आहे, पण मी अडखळले ती त्या खडखडणाऱ्या बशीपाशी. पाठीवर गोणी घेतलेला माणूस पुढे वाकून चालतो, हे तुमच्या सासऱ्यांना कुणी सांगायला नको. ती गोणी मागून कुणी एकदम उचलली तर तो तोंडावर आपटेल. मेंदूचं तसंच आहे. दारू त्याला रोज संध्याकाळी मंद करते, म्हणून तो चाळीस वर्षं स्वतःला जास्त ताणून धरायला शिकलेला असतो. सासूबाईंनी बाटली लपवली तेव्हा गोणी उचलली गेली आणि ताण तेवढा राहिला. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. आणि थोड्या जणांना, दोन ते चार दिवसांनी, त्याहून वाईट गोष्ट गाठते. माणूस कुठे आहे ते विसरतो, नसलेल्या गोष्टी बघतो, ताप चढतो, नाडी धावते. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस त्यात जातो, आणि वय जास्त तसा धोका जास्त. सासूबाई दुपारी घाबरल्या, ते बरं झालं.

हेच तास ऑपरेशनला लावून बघा. शेवटची क्वार्टर आदल्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या संध्याकाळी. मग भरती, उपाशीपोटी, आठ-दहा तासांचं ऑपरेशन. शुद्धीवर येईपर्यंत घड्याळ बरोबर त्या धोक्याच्या दिवसांवर आलेलं असतं. या ऑपरेशनमध्ये बहुतेकदा श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवतात आणि नाकातून अन्नाची नळी असते. म्हणजे बाबांना तोंडाने ‘मला कसंतरी होतंय’ एवढंही म्हणता येणार नाही. पायाच्या हाडाबरोबर आणलेली बारीक रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला सुईदोऱ्याने जोडलेली असते. पहिले काही दिवस ती जपावी लागते, मान कशी ठेवायची तेसुद्धा ठरलेलं असतं. अशा वेळी माणूस हातपाय झाडू लागला, नळ्या उपसू लागला तर काय होईल, ते लिहीत बसत नाही.

तरी एक लिहिते. माझे थोरले मामा, वय ६८, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन. मी तेव्हा रुग्णालयातच समाजसेविकेचं काम करत होते, दुसरीकडे. त्यांचा भरतीचा फॉर्म मीच भरला. ‘व्यसन’ असा रकाना होता. मामी शेजारी बसली होती, मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ‘नाही’ लिहिलं. तिसऱ्या रात्री मामा पंख्यावर बसलेल्या माणसाशी बोलायला लागले. सलाइन उपटलं, पलंगावरून उतरले, टाके उसवले. डॉक्टरांनी आधी जंतुसंसर्ग शोधला, मग रक्तातलं सोडियम बघितलं, मग म्हणाले वय आहे, ऑपरेशननंतर म्हाताऱ्यांना होतं असं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्यासमोरच्या कागदावर ‘नाही’ लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात. चौथ्या दिवशी मामेभावाने खरं सांगितलं. मामा त्यातून वाचले, पण दुसऱ्यांदा पोट उघडावं लागलं. मामीने मला कधी बोल लावला नाही. ते बरं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही.

तर डॉक्टरांनी दारूचं विचारणं ही चौकशी नव्हे. साखर बघतात, रक्तदाब बघतात, तसंच हे एक माप आहे. पण साखर सुई टोचून कळते, आणि इथे सुईच्या जागी माणसाचं तोंड. तिथेच सगळं अडतं.

बघा, बाबा खोटं का बोलले असतील? तंबाखूचं बेधडक सांगितलं की. माझा अंदाज विचाराल तर, शेजारी सून उभी होती. माथाडी माणूस तंबाखू चारचौघांत मळतो, पण सुनेसमोर डॉक्टरला ‘रोज पितो’ म्हणणं त्यांच्या पिढीला जमत नाही. शिवाय प्रश्न कसा विचारला? ‘दारू?’ एका शब्दाच्या प्रश्नाला एका शब्दाचंच उत्तर येतं. मी ओपीडीत बसायची तेव्हा ‘पिता का’ असं कधी विचारायची नाही. विचारायची, ‘काका, एक क्वार्टर किती दिवस जाते?’ या प्रश्नात पितो हे धरलेलंच असतं, लाज वाटायला जागा राहत नाही, आणि आकडा येतो. ‘कसली किती दिवस, एक दिवस!’ असं हसत म्हणणारे काका मी पुष्कळ पाहिले.

आकडा म्हटलं तर जरा हिशेब करू. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे त्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल ७७ मिली, वजनात साठेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत दहा ग्रॅमचं एक पेय धरतात. घरात आपण ‘एकच तर असते’ म्हणतो, आणि कागदावर ती सहा होतात. संघटनेने दारूच्या तपासणीसाठी दहा प्रश्नांची एक यादी केली आहे, तिचं नाव ऑडिट. तिचे पहिले तीनच प्रश्न घेऊन झटपट तपासणी करतात, ती ऑडिट-सी. किती वेळा पिता, प्यायल्यावर किती पेयं होतात, एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा होतात. तुमच्या पत्रावरून मीच गुण दिले. रोज, म्हणून चार. पाच-सहा पेयं, म्हणून दोन. रोजच सहा, म्हणून चार. बारापैकी दहा. पुरुषाला चार गुण झाले तरी पुढे नीट चौकशी करावी, असा संकेत आहे. हे निदान नव्हे, पण दहा म्हणजे दार ठोठावून झालेलं आहे, आता उघडायचं.

गंमत बघा. केज नावाची चार प्रश्नांची आणखी जुनी यादी आहे, पुष्कळ डॉक्टर तीच वापरतात. कमी करावी असं कधी वाटलं का? बाबा म्हणतील, कशाला? कुणी बोललं की राग येतो का? कोण बोलतंय घरात. अपराधी वाटतं का? घाम गाळून कमावलीय, अपराधी कशाला वाटेल! सकाळी उठल्याउठल्या लागते का? नाही, सातलाच. चारपैकी शून्य, आणि रोज साठ ग्रॅम अल्कोहोल. ती यादी वाईट नाही, पण ती आयुष्याची घडी विस्कटलेल्या माणसाला पकडते. शिस्तीत पिणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावरून ती निसटते. म्हणून मिशिगन विद्यापीठात खास वयस्कर लोकांसाठी वेगळी यादी तयार झाली. तिच्यात असं विचारतात की घेतल्यावर जेवण टळतं का, हाताची थरथर घेतल्यावर थांबते का, कुणी गेल्यानंतर पिणं वाढलं का, एकटं वाटलं की घेतल्यावर बरं वाटतं का, लोकांना सांगताना कमी करून सांगता का. थरथरीचा प्रश्न वाचून तुम्हाला बशी आठवली असेल.

वयस्कर माणसात हे लपतं त्याचं कारण म्हणजे दारूच्या सगळ्या खुणा आपण दुसऱ्या खात्यावर टाकतो. वजन उतरलं, कॅन्सरमुळे. झोप नाही, काळजीमुळे. बाथरूममध्ये पडले, वयामुळे. नावं विसरतात, तेही वयामुळेच. आणि शरीरातलं पाणी वयाबरोबर कमी होतं, त्यामुळे चाळिशीत पचलेली क्वार्टर एकाहत्तरीत जास्त चढते, वजन घटलेल्या माणसाला तर आणखीच. बायकांना हा प्रश्न कुणी विचारतच नाही, पातळ नेसलेल्या आजीला तर नाहीच नाही. तेही मी पाहिलंय, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता तुमच्या मिस्टरांची भीती. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांसमोर रोज बसणाऱ्यांत तंबाखू आणि दारू दोन्ही असलेले किती असतील याचा विचार करा. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की तोंडाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. त्यात मोठा हात मघाच्या त्या ॲसिटाल्डिहाइडचा. तेव्हा ‘पितात’ हे ऐकून या डॉक्टरांना धक्का बसणार नाही, आणि त्यासाठी ते रुग्णाला परत पाठवणार नाहीत. ते तयारी करतील. जीवनसत्त्व बी-१ आधीपासून देतील, कारण रोज पिणाऱ्यांत ते कमी पडतं आणि त्याच्याआधी नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. भूल देणारे डॉक्टर आपला हिशेब बदलतील. मॉर्फिनसारखं वेदनाशामक, झोपेची गोळी, पॅरासिटामॉलचं प्रमाण, सगळं यकृताकडे बघून ठरेल. मानसोपचारतज्ज्ञ आधीच बघून जातील. पुढे रेडिएशन लागलं आणि तोंड आतून सोलवटलं, तेव्हा दारूचं काय करायचं तेही आताच ठरेल.

आणि तीन आठवडे हातात आहेत, ते थोडे नाहीत. मोठ्या ऑपरेशनच्या महिनाभर आधी दारू थांबली तर नंतरच्या गुंतागुंती कमी होतात असं दिसलेलं आहे. देखरेखीखाली दारू उतरवायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. थरथर दाबणारी गोळी देतात आणि रोज थोडी कमी करत नेतात. उपचार चाललेत त्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असेल तर तिथेच, म्हणजे सगळं एका फाइलमध्ये राहील. नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाने दचकू नका. १९०१ पासून ते उभं आहे आणि अर्धा ठाणे जिल्हा तिथून औषध घेऊन नोकरीला जातो. फोनवर बोलायचं तर टेली-मानस १४४१६, व्यसनमुक्तीची मदत १४४४६. पण दारूसाठी म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

मग डॉक्टरांची भेट होईपर्यंत काय? तोपर्यंत त्यांची सातची वेळ चालू द्या. हे माझ्या सदरात वाचून काहींच्या भुवया उंचावतील, उंचावू देत. बाटली लपवू नका, पाणी मिसळू नका, तुमच्या मनाने निम्मी करू नका. फक्त आधी जेवायला घाला आणि भेट दोन-तीन दिवसांत घ्या, तीन आठवड्यांनी नको. मधेच कधी त्यांनी स्वतःहून बंद केली आणि थरथर, बडबड, ताप किंवा फिट दिसली, तर वाट न बघता १०८ला फोन करा आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच सांगा की रोज पीत होते, अमुक वाजता थांबले.

चुगलीचं विचारलंत. आधी बाबांना स्वतः सांगायची संधी द्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे फिटनेससाठी जावं लागेलच, तिथे हा प्रश्न पुन्हा येतो. त्या दिवशी तुम्ही आत जाऊ नका. पाण्याची बाटली आणायला म्हणून खाली जा. मिस्टरांनी जावं, आणि त्यांनाही बापासमोर अवघड होत असेल तर बाबांच्या टोळीतला जुना मुकादम किंवा एखादा जोडीदार घेऊन जा. ज्याच्याबरोबर तीस वर्षं गोणी उचलली त्याच्यासमोर लाज कसली, तो तर बरोबर बसलेला असणार. आदल्या रात्री मिस्टरांनी बाबांना एवढंच म्हणावं, ‘बाबा, भूल कमी-जास्त द्यायची असते, डॉक्टरला खरा आकडा लागतो. तुम्हाला कुणी सोड म्हणत नाहीये.’ सोडायचं पुढे बघू. आधी आकडा.

आणि तरीही ‘गटारीला, कधीतरी’च निघालं, तर तुम्ही सांगा. डॉक्टरांना, एकट्याने, किंवा चिठ्ठी लिहून. ‘मी सांगितलं असं म्हणू नका’ असं वर लिहिलंत तरी चालतं, अशा चिठ्ठ्या त्यांना नवीन नाहीत. घरात भांडण होईल कदाचित. मिस्टर दोन दिवस बोलणार नाहीत. होऊ दे. मामांचा फॉर्म भरताना मला हे धैर्य झालं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगायचा मला फार अधिकार आहे असंही नाही.

चिठ्ठीचा मजकूर मी देते, तुम्ही फक्त आकडे तपासा. ‘रोज संध्याकाळी ७ वाजता एक क्वार्टर, १८० मिली, सुमारे ४० वर्षं. गेल्या आठवड्यात एक दिवस बंद केली, दुसऱ्या दिवशी सकाळी हात थरथरले, खूप घाम आला, दुपारी परत दिली. याआधी फिट आलेली नाही / आलेली आहे. झोपेची गोळी घेत नाहीत / घेतात. कुठलीही पूड दिलेली नाही.’ खाली तारीख टाका आणि फाइलमध्ये सीटी स्कॅनच्या मागे नको, सगळ्यात वरच्या पानाला टाचणी लावा.